कांद्याची मान का मोडते?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की भोसरी, मोशी मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना कारखाने, वजनकाटे आणि मालमोटारींच्या रांगा दिसतात. चाकण ओलांडून राजगुरुनगरकडे जाताना मात्र अधूनमधून कांद्याची शेते लागतात. मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन या रस्त्याने गेलात तर एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. एका शेतातली पात ताठ उभी असते आणि बांधापलीकडच्या शेतातली पात जमिनीवर आडवी झालेली असते. ‘सर, इथे वादळ झालं होतं का?’ हा प्रश्न ठरलेला!

वादळ झालेले नसते. पाणी कमी पडलेले नसते, की रोगही आलेला नसतो. उलट शेतकरी याच दिवसाची वाट पाहत असतो. ‘माना पडल्या’ असे तो म्हणतो, आणि शेतातल्या साधारण निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की मजुरांची जुळवाजुळव सुरू करतो. निम्म्याच का? सगळ्या पडेपर्यंत का थांबायचे नाही? आणि मुळात उभे असलेले झाड न सुकताच मानेत का मोडते? या साध्या प्रश्नांत वनस्पतिशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि एका घराच्या वर्षभराच्या मिळकतीचा हिशोबही आहे.

‘काढायचे केव्हा’ हा प्रश्न प्रत्येक पिकाला असतो. ज्या पिकाची किंमत त्यात साठलेल्या एखाद्या विशिष्ट द्रव्यावर ठरते, तिथे तो जास्त अवघड होतो. उसात साखर किती चढली हे पाहायला कारखान्याचा शेतकी कर्मचारी रसाचा थेंब ब्रिक्समापकाच्या काचेवर ठेवतो. आंब्याला पाड लागला की कोकणातला बागायतदार झेला बाहेर काढतो. चहाची दोन पाने आणि एक कळी खुडायची ती कोवळी असतानाच. गांजाच्या झाडातले अमली द्रव्य मादी फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. म्हणून १९८५ च्या कायद्यात ‘गांजा’ या शब्दाची व्याख्याच मुळी ‘फुलोऱ्याचे शेंडे’ अशी केलेली आहे. थोडक्यात, झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या दिवसांत, काय साठते हे ओळखणे ही जुनी विद्या आहे. कांद्याच्या बाबतीत झाड ही गोष्ट स्वतःच खूण करून सांगते. फक्त ती खूण नीट वाचता आली पाहिजे.

त्यासाठी कांदा कापून पाहू या. नेहमीसारखा आडवा नव्हे, तर मानेपासून मुळापर्यंत उभा. बाजारातला सुका कांदा आणि पातीसकट काढलेला ओला कांदा, असे दोन्ही घ्या. तळाशी मुळे फुटतात ती एक लहानशी, टणक चकती दिसेल. कांद्याचे खरे खोड एवढेच. चकतीवर एकात एक बसवलेल्या मांसल पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले तळ. प्रत्येक पानाचा खालचा भाग नळीसारखा असतो आणि वरचा भाग म्हणजे आपण भाजीला वापरतो ती पोकळ पात. नवे पान नेहमी आतून येते. जुन्या पानाच्या नळीतून वर सरकत सरकत ते बाहेर डोकावते. म्हणजे ज्याला आपण मान म्हणतो ते खोड नाहीच. त्या एकात एक घातलेल्या नळ्या आहेत, आणि सगळ्यात आत वर चढणारे कोवळे पान आहे. त्या पानाच्या आधाराने मान ताठ उभी राहते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. पातळ कागदाच्या तीन-चार नळ्या करून एकात एक घाला, मधोमध पेन्सिल सरकवा आणि वरच्या टोकाला दोन-तीन खडू बांधा. नळी उभी राहील. आता खडू तसेच ठेवून पेन्सिल खालून ओढून घ्या. नळी कुठे वाकते ते मुलांनाच पाहू द्या.

शेतात ही पेन्सिल कोण काढून घेते? कांदा पोसू लागला की चकतीवर नवी पाने तयार होतच राहतात, पण त्यांना आता पात येत नाही. ती आखूड, जाड, केवळ अन्न साठवणारी पाने असतात आणि कांद्याच्या आतच राहतात. मानेतून वर चढणारे कोणी उरत नाही. मान आतून पोकळ आणि मऊ होते. वरची आठ-दहा पाने अजून हिरवी आणि वजनदार असतात. एखाद्या दुपारी वाऱ्याची झुळूक येते आणि मान मोडते. झाड मेलेले नसते. ‘आता वर वाढायचे नाही’ हा निर्णय त्याच्या पोटात कितीतरी दिवस आधी झालेला असतो, आपल्याला तो मान पडल्यावर कळतो.

हा निर्णय प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर ठरतो, आणि त्याला उष्णतेची जोड मिळते. पुणे परिसरात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमधला सगळ्यात मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. आपल्याकडचे कांदे थोड्याच लांबीच्या दिवसांवर पोसतात. उत्तर युरोपातल्या जातींना त्यासाठी चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. तिकडचे बी इथे लावले तर पात जोमाने वाढेल, पण कांदा काही धरणार नाही. ‘चांगले बियाणे’ हा शब्द कोणत्या अक्षांशावर चांगले एवढे विचारल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही, हे भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगे आहे.

रब्बीचा, म्हणजे आपल्याकडे गरवा किंवा उन्हाळी म्हणतात तो कांदा डिसेंबर-जानेवारीत लावला जातो. तो वाढत असताना दिवस मोठे होत जातात आणि ऊनही चढत जाते. दोन्ही इशारे एकाच दिशेने मिळतात, त्यामुळे झाडाचा निर्णय स्वच्छ होतो आणि माना नीट पडतात. खरिपाच्या हळव्या कांद्याचे नेमके उलट. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोसायला येतो तेव्हा दिवस लहान होत असतात आणि थंडी पडू लागलेली असते. कांदा तयार होतो, पण पातीची वाढ काही पुरती थांबत नाही, मान जाड राहते आणि पडत नाही. तिथे शेतकरी दुसऱ्या खुणा पाहतो: पात थोडी पिवळी पडली का, शेंडे सुकू लागले का, कांद्याला लाल रंग भरला का. काही ठिकाणी रिकामे पिंप वाफ्यावरून फिरवून माना मुद्दाम पाडतात. पण बाहेरून मोडलेली मान ही आतून मोकळ्या झालेल्या मानेची बरोबरी करीत नाही. हळवा कांदा साठवत नाहीत, लगेच विकतात, याचे एक कारण हेच.

आता निम्म्याचे कोडे. एका शेतातली सगळी रोपे एका दिवशी लावली तरी ती एका दिवशी तयार होत नाहीत. कुठे रोप लहान होते, कुठे पाणी साचले, कुठे दोन रोपे जवळ पडली. पहिली मान पडल्यापासून शेवटची पडेपर्यंत बरेच दिवस जातात, काढणी मात्र सहसा एकदाच करायची असते. मान मोडल्यावरही पात हिरवी आहे तोवर तिच्यातले अन्न खाली उतरत असते आणि कांद्याचे वजन वाढत असते. त्यामुळे घाई केली तर वजनाला मुकावे लागते. सगळ्या माना पडून पात वाळेपर्यंत थांबावे, तर आधी तयार झालेले कांदे उन्हात भाजतात, त्यांची वरची पत्ती सुटते, आणि जमिनीत ओल राहिली किंवा वळवाचा पाऊस आला तर त्यांना पुन्हा मुळे फुटू लागतात. निम्म्या माना पडल्या असताना काढले, तर सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा कांदा यांच्यातल्या चुका कमीत कमी होतात. ‘पन्नास टक्के’ हा आकडा असा आला आहे. तो एका कांद्याला लावता येत नाही, शेताला लावायचा असतो. सरासरी ही कल्पना शिकवताना गुणपत्रिकेपेक्षा हे उदाहरण आम्हाला जास्त बोलके वाटते.

कोवळा कांदा काढला तर नेमके बिघडते काय? जाड, ओली मान म्हणजे उघडे दार. ती आतपर्यंत वाळत नाही, त्या वाटेने बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि पाणीही निसटते. शिवाय कांदा पक्का होताना त्याला एक प्रकारची झोप लागते. कोंबाची वाढ रोखणारी द्रव्ये वाळत्या पातीतून कांद्यात उतरतात असे मानले जाते. पात फार लवकर कापली तर साठवणीत कोंब लवकर येतात, हे मात्र प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणून काढल्याबरोबर पात कापत नाहीत. तीन ते पाच दिवस कांदा शेतातच पातीसकट पसरतात, तोही असा की एका ओळीतले कांदे पुढच्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील, म्हणजे ऊन थेट अंगावर येत नाही. मग साधारण अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात आणि पुढचे दहा-बारा दिवस सावलीत सुकवतात. मान पिळून बंद होते, वरच्या दोन-तीन पाकळ्यांचे कागदासारखे पापुद्रे होतात. बाजारात ‘डबल पत्ती’ म्हणून ज्याला दोन रुपये जास्त मिळतात ते हेच आवरण.

चाकणला खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा महात्मा फुले बाजार आहे. कांदा आणि बटाटा ही या बाजाराची जुनी ओळख. कारखाने नंतर आले. एप्रिल-मेमध्ये सगळीकडचा उन्हाळी कांदा एकदम निघतो आणि भाव खाली बसतात. ज्याच्याकडे बराख किंवा चाळ आहे तो कांदा आत टाकतो आणि पावसाळ्यानंतरच्या भावाची वाट पाहतो. हा जुगारच, पण त्याचे पारडे कुठे झुकणार हे काही अंशी काढणीच्याच दिवशी ठरलेले असते. मार्चअखेर भाव बरा दिसला म्हणून कांदा आठवडाभर आधी उपटला आणि त्याच दिवशी विकला, तर त्यात काही चूक नाही. पण तो कोवळा कांदा विकला न जाता बराखीत गेला तर मात्र नुकसान ठरलेले. साध्या साठवणीत चार-सहा महिन्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माल वजनघट, सड आणि कोंब यांत जाऊ शकतो. शंभर पिशव्या आत टाकून साठच बाहेर काढणाऱ्याला वाढलेला भावही पुरत नाही.

हे तीन शत्रू एकदम येत नाहीत, ही नोंद महत्त्वाची आहे. एप्रिल-मेच्या उष्ण, कोरड्या हवेत पाणी उडून वजन घटते. जून-जुलैत हवा दमट झाली की सड सुरू होते. पावसाळा सरता सरता हवा थंड झाली की कोंब डोके वर काढतात. कोंबांचा स्वभाव मजेशीर आहे. शून्य ते दोन अंश सेल्सिअसला ते झोपून राहतात, पंचवीस-तीस अंशांच्या पुढेही दबलेले असतात, आणि मधल्या दहा ते वीस अंशांत भराभर वाढतात. म्हणून आपल्याकडे हवा खेळती ठेवणारी साधी चाळ उन्हाळ्यात निभावून नेते, आणि अर्धवट थंड केलेली खोली मात्र घात करते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कोंब रोखता येतात. सड आणि वजनघट मात्र त्याने थांबत नाही.

या भागातल्या शाळांना एक सोय आहे. कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था राजगुरुनगरलाच आहे. १९९४ मध्ये ती नाशिकला सुरू झाली, १९९८ मध्ये इकडे आली आणि २००८ पासून तिला संचालनालयाचा दर्जा आहे. तिने काढलेल्या जातींची नावे जवळून वाहणाऱ्या नदीवरून पडली: भीमा किरण, भीमा शक्ती, भीमा सुपर, भीमा श्वेता. यांतल्या किरण आणि शक्ती या साठवणीला चांगल्या म्हणून ओळखल्या जातात. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा टिकाऊ गावरान कांदा मात्र कोणत्याही संस्थेच्या आधी शेतकऱ्यांनीच वर्षानुवर्षे निवडून जपला.

टिकाऊ कांदा बहुधा तिखटही असतो. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य अख्ख्या कांद्यात नसतेच, हे मुलांना सांगितले तर पटत नाही. पेशीत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात असतात आणि त्यांचे विघटन करणारे अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे रिक्तिकेत असते. सुरी फिरली की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत वायू तयार होतो. पुढची पायरी आपोआप घडते असेच पूर्वी समजत. तिथेही एक वेगळे विकर काम करते हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, आणि त्यासाठी २०१३ मध्ये त्यांना आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे इग्नोबेल पारितोषिक मिळाले! या विघटनात पायरुव्हिक आम्लही बाहेर पडते. ते मोजून कांद्याचा तिखटपणा आकड्यात सांगण्याची पद्धत १९६१ पासून वापरात आहे.

तिखटपणा जातीवर अवलंबून असतोच, पण जमिनीतला गंधक, उष्णता आणि पाण्याचा ताण यांनीही तो वाढतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला विडालिया नावाचा ‘गोड’ कांदा गंधक कमी असलेल्या जमिनीत पिकतो. त्यात साखर काही फार जास्त नसते, फक्त तिखटपणा कमी असल्याने ती जाणवते. हा कांदा पाणीदार असतो आणि फारसा टिकत नाही. भावासाठी कोवळा माल बाजारात जाऊ लागला की सगळ्यांचेच नाव खराब होते, म्हणून तिथला कृषी विभाग दरवर्षी एक तारीख जाहीर करतो आणि त्या तारखेआधी त्या नावाने कांदा पाठवता येत नाही. आपल्याकडे ही तारीख ज्याची त्याने आपल्या बांधावर ठरवायची. ती साधण्यासाठी दोन पथ्ये जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असतात. उशिरा युरिया टाकायचा नाही, कारण नत्र मिळत राहिले की पात वाढत राहते आणि मान जाड होते. आणि काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचे. शेवटच्या पाण्याने वजन वाढते खरे, पण ते वजन पाण्याचे असते आणि बराखीत पहिल्याच महिन्यात उडून जाते.

पिंपरी-चिंचवडच्या शाळांतल्या अनेक मुलांचे आईवडील चाकणच्या कारखान्यांत कामाला असतात आणि आजी-आजोबा गावी कांदा लावतात. त्यामुळे पुढच्या प्रयोगाला लागणारे तज्ज्ञ वर्गातच मिळतील. मे महिन्यात बाजारातून एकाच गाड्यावरचे, साधारण सारख्या आकाराचे वीस कांदे निवडा: दहा बारीक, घट्ट मिटलेल्या मानेचे आणि दहा जाड, मऊ मानेचे. जोडकांदे आणि डेंगळ्यांचे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे घेऊ नका. दोन जाळीच्या पिशव्यांत भरून वर्गात सावलीला, हवा लागेल असे शेजारी शेजारी टांगा. सुटीत कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागेल. दर शनिवारी प्रत्येक पिशवी तोला. सडलेला कांदा बाहेर काढून त्याचे वजन वेगळे लिहा, म्हणजे उडालेले पाणी आणि सडलेला माल यांची गल्लत होणार नाही. कोंब आलेले मोजा, पण पिशवीतच राहू द्या. त्याच वहीत दररोज खोलीचे तापमान आणि आकाशाची स्थिती लिहायची.

सप्टेंबरअखेर दोन्ही पिशव्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. दहा-दहा कांदे म्हणजे नमुना लहान आहे. निकाल उलटा आला तर तो दाबून टाकू नका, कांदे निवडताना मान कोणी आणि कशी पारखली ते आधी तपासा. उरलेल्या कांद्यांपैकी दोन उभे कापले की आतला हिरवा कोंब किती वर आला आहे ते दिसेल. बाहेरून काहीच न दिसणाऱ्या कांद्यातही तो बऱ्याचदा निम्म्या उंचीपर्यंत आलेला असतो.